चेंडू वर गेले, पण श्वास तळापर्यंत गेला का?

वाचकांचे प्रश्न : श्वसन फिजिओथेरपी

हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पिशवीत औषधांबरोबर प्लास्टिकचे एखादे श्वासाचे उपकरणही घरी येते आणि बहुधा त्याविषयीच सर्वांत कमी सांगितलेले असते. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ६६) बायपास शस्त्रक्रिया होऊन १२ दिवस झाले. रुग्णालयातून सुटताना त्यांना तीन चेंडूंचे उपकरण दिले होते. ते रोज तिन्ही चेंडू वर उडवतात, तरीही परवाच्या एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग थोडा बसलेला आहे असे सांगण्यात आले. छातीत घरघर ऐकू येते, पण कफ सुटत नाही आणि टाके उसवतील या भीतीने ते खोकायला घाबरतात. आमच्या एका नातेवाईकाने फुंकल्यावर थरथरणारे दुसरे उपकरण आणून दिले आहे. या दोन्हींत फरक काय आणि त्यांनी कोणते वापरावे? – एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वडिलांची खोकण्याची भीती वाटते; परंतु तिच्याकडे येण्यापूर्वी फुप्फुस 'बसते' म्हणजे नेमके काय होते ते पाहू. निरोगी माणूस तासाभरात अनेकदा, स्वतःच्याही नकळत, एखादा खोल उसासा टाकतो आणि त्या उसाशाने फुप्फुसाच्या तळाकडचे मिटू लागलेले वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, पुन्हा उघडतात. भुलीखाली हे उसासे थांबतात, उताणे झोपल्यामुळे मध्यपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) वर सरकते आणि शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे माणूस वरवरचा, आखूड श्वास घेत राहतो. बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापलेले असते. शिवाय बहुतेक वेळा डाव्या बाजूची छातीच्या आतली धमनी हृदयासाठी काढून घेतात आणि मध्यपटलाकडे जाणारी त्या बाजूची नस काही दिवस मंदावू शकते. म्हणून डाव्या तळाची तक्रार या शस्त्रक्रियेनंतर फार वेळा दिसते आणि तिच्यात वडिलांची काही चूक नसते.

याला जोडूनच दुसरी गोष्ट घडते. श्वासनलिकांच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस कफ सतत वर ढकलत असतात. भूल, कोरडा प्राणवायू आणि घशातून घातलेली नळी यांमुळे ते काही काळ सुस्तावतात, तर तीव्र वेदनाशामकांमुळे खोकल्याची उबळच दबते. मिटलेल्या भागात कफ अडकून राहिला की जंतूंना आयती जागा मिळते आणि न्यूमोनियाची भीती उभी राहते. थोडक्यात, वायुकोश मिटणे हा एक दोष आणि कफ अडकणे हा दुसरा. आपल्या घरात असलेली दोन उपकरणे या दोन वेगळ्या दोषांसाठी आहेत.

तीन चेंडूंचे उपकरण श्वास आत ओढण्यासाठी आहे. त्यात फुंकर मारणारे रुग्ण मला आजही दर आठवड्याला भेटतात. उलट धरून फुंकल्यावरही चेंडू वर जातात, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही. परंतु आपल्या वडिलांच्या बाबतीत मला दुसरी शंका आहे. त्या कप्प्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे छापलेले असतात. ते किती हवा आत गेली याचे नसून दर सेकंदाला किती वेगाने गेली याचे आहेत. समजा, एखाद्याने झटक्यात अर्धा सेकंद ओढून तिन्ही चेंडू उडवले, तर फुप्फुसात गेली सुमारे ६०० मिलिलिटर हवा, म्हणजे साध्या श्वासापेक्षा फारशी जास्त नाही. याउलट ज्याने पहिला एकच चेंडू सावकाश वर नेऊन तीन सेकंद तेथेच तरंगत ठेवला, त्याने १८०० मिलिलिटर घेतली. शिवाय झटक्याचा श्वास मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंवर घेतला जातो आणि वरच्या भागातच फिरतो. सावकाश श्वासात मध्यपटल खाली उतरते आणि हवा तळापर्यंत पोहोचते.

मागे एका वॉर्डात एक निवृत्त गृहस्थ मला तिन्ही चेंडू उडवून दाखवत होते आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा असलेला त्यांचा नातू टाळ्या वाजवत होता. मी त्यांच्या खांद्यांवर हात ठेवला, तेव्हा प्रत्येक श्वासाला खांदे कानांकडे चढत होते आणि बरगड्यांचा खालचा भाग जागचा हलत नव्हता. मग मी त्यांचा स्वतःचा तळवा त्यांच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवला, एकच चेंडू उचलायला सांगितला आणि नातवाला तीनपर्यंत मोजायला लावले. पहिल्या खेपेला 'दोन' म्हणेपर्यंत चेंडू पडला. चौथ्या खेपेला तो तीनपर्यंत टिकला आणि आजोबांना, अर्थातच, खोकला आला. तो खोकला हेच हवे होते.

श्वास आत भरल्यावर तीन सेकंद थांबणेही तितकेच महत्त्वाचे आहे. शेजारशेजारच्या वायुकोशांमध्ये सूक्ष्म आडवाटा असतात. थोडे थांबले की उघड्या कोशांतली हवा त्या वाटांनी मिटलेल्या कोशांत शिरते आणि कफाच्या मागे पोहोचते. मागे हवा असल्याशिवाय कफ पुढे सरकत नाही.

आता थरथरणारे उपकरण. फ्लटर, अकापेला, एरोबिका अशा नावांनी ही उपकरणे मिळतात. त्यांत श्वास बाहेर सोडायचा असतो. सोडताना थोडा अडथळा येतो, त्यामुळे श्वासनलिकांत हलका दाब टिकून त्या मिटत नाहीत, आणि त्याच वेळी हवा सेकंदाला दहा ते पंचवीस वेळा थरथरल्याने भिंतीला चिकटलेला कफ सैल होतो. फ्लटरमध्ये शंकूत बसवलेली पोलादी गोळी हे काम करते, म्हणून ते कोणत्या कोनात धरले यावर त्याची थरथर अवलंबून असते. अकापेलात चुंबक आणि तरफ असल्यामुळे ते पडल्या पडल्याही चालते. वडिलांना घरघर आहे आणि कफ सुटत नाही, तेव्हा त्यांना या उपकरणाचा उपयोग होऊ शकेल, पण आधी त्यांच्या सर्जनला विचारावे. डाव्या तळाची सावली नेहमीच बसलेल्या फुप्फुसाची असते असे नाही. बायपासनंतर तेथे पाणीही साचते आणि ते कोणत्याही उपकरणाने हटत नाही. सोनोग्राफीने हा फरक लगेच कळतो.

परवानगी मिळाल्यावर क्रम असा ठेवावा. वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने वडिलांना पलंगावर नव्हे, तर पाठ टेकवून खुर्चीत बसवावे. नेहमीपेक्षा थोडा मोठा श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद थांबावे आणि उपकरणातून जोर न लावता, लांबवत सोडावे. गाल फुगू देऊ नयेत, नाही तर थरथर छातीत न जाता गालांतच विरते. छातीवर हात ठेवल्यास ती जाणवली पाहिजे. अडथळ्याचे बटण सुरुवातीला सर्वांत कमीवर ठेवावे. असे दहा श्वास झाल्यावर कफ बाहेर काढायचा, आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण उपकरण कफ सैल करते, बाहेर काढत नाही.

त्यासाठी खोकल्याऐवजी 'हाफ' शिकवावा. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तोंड उघडून तिच्यावर 'हाऽऽ' करून वाफ सोडतो. तीच क्रिया, थोडी अधिक ठाम आणि लांब, पोटाच्या स्नायूंनी करायची. खोकताना घसा बंद होऊन आत मोठा दाब तयार होतो आणि तोच जखमेला दुखवतो. हाफमध्ये घसा उघडा राहतो. मध्यम श्वास घेऊन लांब हाफ केला की खोलवरचा कफ वर सरकतो, आणि तो घशाजवळ आला असे वाटले की भरपूर श्वास घेऊन एक आखूड, जोरकस हाफ किंवा एकच खोकला पुरतो. त्या वेळी उशी किंवा घडी घातलेला टॉवेल दोन्ही हातांनी छातीशी घट्ट कवटाळावा. हाडाला बांधलेल्या पोलादी तारा असल्या खोकल्याने सुटत नाहीत, हे वडिलांना कुणी तरी, शक्यतो सर्जनने, स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. मात्र खोकताना किंवा कूस वळताना हाडात 'कट्' असा आवाज येत असेल, तर तो लपवू नये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. बायपासनंतर केवळ चेंडूंचे उपकरण दिल्याने गुंतागुंत कमी होते, असे आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअर या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत एवढे एकच उपकरण सरसकट वापरू नये असे म्हटले आणि खोल श्वास, शिकवलेला खोकला, लवकर हिंडणे-फिरणे व वेदनेवर पुरेसा इलाज यांच्या जोडीनेच ते वापरावे असा सल्ला दिला. माझा अनुभवही तोच आहे. वडील दिवसातून चार वेळा अंगणातल्या तुळशीपासून फाटकापर्यंत चालत असतील, तर त्यांच्या फुप्फुसाच्या तळाला चेंडूंपेक्षा जास्त हवा मिळत आहे. दिवसभर पलंगावर पडून तासातासाला चेंडू उडवणे हा त्याला पर्याय नाही.

प्रश्न : माझे पती (वय ५८) पूर्वी खाणीवर मशीन चालवत असत आणि अजूनही दिवसाला दहा-बारा विड्या ओढतात. फुप्फुसातील गाठीमुळे त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा एक भाग महिन्याभराने बांबोळीच्या रुग्णालयात काढायचा आहे. उपकरण आधीच घेऊन ठेवावे का? आणि शस्त्रक्रियेच्या तोंडावर विडी एकदम सोडली तर कफ वाढतो, म्हणून हळूहळू सोडावी असे सगळे सांगतात, ते खरे आहे का? – एक वाचक, सांगे

उत्तर : विडी आजच पूर्ण सोडावी. सोडल्यावर काहींना थोडे दिवस कफ जास्त जाणवतो, हे खरे आहे. परंतु त्यामुळे शस्त्रक्रिया अधिक धोक्याची होते या समजुतीला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. उलट चार आठवडे किंवा त्याहून अधिक आधी सोडणाऱ्यांमध्ये गुंतागुंत कमी होते, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये सांगितले. आपल्याकडे नेमका महिना आहे. वाढलेला कफ काढायला वर सांगितलेला हाफ आहेच.

उपकरण आधी घेऊन ठेवावे, याहीपेक्षा मी म्हणेन की आधी शिकून ठेवावे. भुलीतून नुकत्याच जाग्या झालेल्या, नळ्या लावलेल्या माणसाला नवी गोष्ट शिकवणे जवळजवळ अशक्य असते. जे अंगवळणी पडलेले असते तेच तो त्या अवस्थेत करू शकतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाच्या मोठ्या शस्त्रक्रियांपूर्वी ४४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, फिजिओथेरपिस्टने आधी एकदाच अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम समजावले, तर श्वसनाच्या गुंतागुंती सुमारे निम्म्यावर आल्या. नेदरलँड्समधील युट्रेक्ट येथे बायपासच्या अधिक धोका असलेल्या रुग्णांना किमान दोन आठवडे आधीपासून, श्वास आत ओढण्याच्या स्नायूंना रोज वीस मिनिटे अडथळ्याविरुद्ध काम करायला लावले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा गुंतागुंती ३५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या. हे दोन्ही अभ्यास फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचे नाहीत, हे लक्षात ठेवावे. तरी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या व्यायामाचे लहान अभ्यासही त्याच दिशेचे आहेत. म्हणून या महिन्यात रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने त्यांनी चालावे, आणि तपासणीसाठी जाल तेव्हा फिजिओथेरपी विभागात एकदा वेळ मागून घ्यावा. दात घासणे आणि चुळा भरणे यांतही हयगय नको. तोंडातले जंतूच बहुतेकदा फुप्फुसात उतरतात.

शस्त्रक्रियेनंतर मात्र थरथरणारे उपकरण आपल्या मनाने मुळीच सुरू करू नये. फुप्फुसाचा भाग काढल्यावर तेथील श्वासनलिकेचे तोंड शिवलेले असते आणि काही दिवस उरलेल्या फुप्फुसातून हवा झिरपू शकते. छातीच्या नळीला जोडलेल्या बाटलीत श्वास सोडताना किंवा खोकताना बुडबुडे येत असतील, तर ती हवा गळत असल्याची खूण असू शकते आणि अशा वेळी आत दाब निर्माण करणारे उपकरण सर्जनच्या शब्दाशिवाय वापरायचे नसते. खोल श्वास, हाफ आणि बाटली छातीच्या पातळीखाली धरून खोलीत चालणे एवढे तरी बहुधा पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून करता येते. बेडक्यात ताजे रक्त दिसणे, अन्ननलिकेची नुकती झालेली शस्त्रक्रिया, कानाचा फुटलेला पडदा, मेंदूतील वाढलेला दाब, अशा रुग्णांच्या बाबतीतही आधी विचारावे.

प्रश्न : पावसाळ्यात उपकरण कसे स्वच्छ ठेवावे? आमच्याकडे आता शेजारच्या काकांचे, एकदाच वापरलेले उपकरण आले आहे. ते उकळून घेतले तर चालेल ना? – एक वाचक, फोंडा

उत्तर : काकांचे उपकरण आभार मानून परत करावे. ही उपकरणे एका रुग्णासाठीच असतात. थुंकी आतल्या खाचांपर्यंत जाते आणि घरच्या उकळण्याने तेथील सगळे निघेलच याची खात्री देता येत नाही. शिवाय काही उपकरणे सुटी करून उकळता येतात, तर काही उकळत्या पाण्यात वाकडी होतात. चेंडूंचे उपकरण काही शे रुपयांत मिळते. थरथरणारे त्याच्या अनेक पट महाग असते आणि म्हणूनच ते फिरत राहते, हे मी समजू शकते.

स्वतःच्या उपकरणासाठी आपल्या हवेत खरी अडचण धुण्याची नसून वाळवण्याची आहे. आषाढ-श्रावणात आपल्या घरांत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे ओले उपकरण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर काय होईल ते सांगायला नको. चेंडूंच्या उपकरणाची फक्त तोंडाची नळी कोमट साबणाच्या पाण्याने रोज धुवावी. थरथरणारे उपकरण त्याच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे सुटे करून धुवावे, पाणी झटकावे आणि भाग स्वच्छ फडक्यावर पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत पसरून ठेवावेत. उन्हाची वाट पाहू नये. फ्लटरच्या शंकूत गोळी चिकटल्यासारखी होत असेल, तर आत कफ वाळलेला असतो.

प्रश्न : आईला एका परिचिताने उपकरणाऐवजी रोज फुगे फुगवायला सांगितले आहे आणि रात्री छातीला फेणी (गोव्याची दारू) चोळायला. करावे का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : दोन्ही नको. फुग्याला सुरुवातीला लागणारा जोर बराच असतो, तो मोजता येत नाही आणि माणूस श्वास कोंडून, चेहरा लाल करून तो लावतो. त्यात खोल श्वास आत घेण्याकडे कुणाचेच लक्ष राहत नाही. हवा गळत असलेल्या रुग्णाला तर तो अपायकारकच. फेणी जखमेजवळच्या कातडीला झोंबते, आणि पोटात घेतली तर वेदनाशामकांबरोबर गुंगी वाढवून श्वास मंदावते. कफ पातळ राहण्यासाठी कोमट पाणी आणि पेज चांगली. परंतु हृदयरुग्णाला दिवसाला किती पातळ पदार्थ चालतील हे डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते आणि पेजही त्यातच मोजावी लागते, मीठ तर नक्कीच.

आपण पत्राच्या शेवटी धोक्याच्या खुणाही विचारल्या आहेत. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, कफ पिवळा-हिरवा किंवा रक्ताचा होणे, काल चढता आलेल्या पायऱ्यांवर आज दम लागणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, जखमेतून पाणी येणे : यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा ओठ निळसर दिसले, तर गाडी शोधण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

प्रश्न : माझे बायपास होऊन चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) सात आठवडे होतील. गेली तीस वर्षे मी वाड्यावरच्या आरत्यांना घुमट (मातीच्या मडक्याचे तालवाद्य) वाजवतो. या वर्षी बसता येईल का? – एक वाचक, सत्तरी

उत्तर : गायला जरूर बसावे. लांब ओळ एका दमात म्हणणे हा श्वासाचा उत्तम व्यायाम आहे. फक्त खाली मांडी घालून न बसता खुर्ची घ्यावी आणि उठताना हातांवर भार देऊ नये. घुमट मात्र या खेपेला दुसऱ्याच्या हाती द्यावे. छातीचे हाड नीट सांधायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि खांद्याला अडकवलेल्या मडक्यावर जोराने पडणारी थाप दोन्ही बाजूंनी त्याच सांध्याला ओढते. घुमटाच्या साथीला वाजणाऱ्या शामेळ या तालवाद्याचेही तेच. कासाळे (झांजा) वाजवण्याला माझी हरकत नाही, कोपरे अंगाजवळ ठेवून आणि दोन आरत्यांमध्ये थोडे थांबून.